अपघाताचे थोडक्यात वर्णन

फॉर्मात चार ओळींची जागा आहे.
पहिली तारखेतच संपली.

फर्मागुडीच्या उतारावर मी उभी होते,
म्हणजे गाडी उभी होती, मी तिच्यात.
कॉलेजची बस वळत होती, तिला वाट दिली.
मागून तो आला,
काळ्या पाटीवर पिवळे आकडे, भाड्याची गाडी,
मांडीवरचा फोन त्याला रस्ता सांगत होता.
आवाज फार मोठा नव्हता.
पत्र्यावर फणस पडावा, तेवढा.

उतरून तो पहिलं वाक्य बोलला ते असं :
आंटी, तुम्ही एकदम ब्रेक मारलात.
दुसरं : इन्शुरन्स आहे ना?

पंपावरचा संतान धावत आला.
बाय, भियेनाका, हांवें पळयलां.
हे पाहिलेलं त्याने स्टेशनवर येऊन सांगितलं,
अर्ध्या दिवसाचा पगार सोडून.
त्याच्यासाठी एक रकाना आहे :
साक्षीदार, असल्यास.

हवालदाराने विचारलं, चालवत कोण होतं?
मी म्हटलं, मी.
त्याने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.
भावाने फोनवर विचारलं, पण तू थांबलीस कशाला?
जाऊ म्हणाली, या वयात...
क्रियापद तिने लावलंच नाही.
बावन्नाव्या वर्षी लायसन्स काढलेल्या बाईला
नुसतं उभं राहण्याचाही खुलासा द्यावा लागतो.

वरच्या बाजारातल्या ऑफिसात
पंखा माझे कागद उडवत होता
आणि पोरसवदा मुलगी समजावत होती :
त्याच्या कंपनीकडून वसूल करायचं
तर न्यायाधिकरण, वकील, तारखा.
आपल्याच पॉलिसीतून घ्यायचं
तर लवकर होईल,
फक्त नो-क्लेम बोनस जाईल.
म्हणजे पाच वर्षं मी कुणाला धडकले नाही
त्याचं बक्षीस
तो धडकला म्हणून परत द्यायचं.
हो, तसंच, ती म्हणाली,
आणि स्टेपलर शोधू लागली.

सर्व्हेअर तळावलीकर शुक्रवारी आले.
गाडीभोवती दोनदा फिरले, फोटो काढले,
डिकीखाली वाकले, बोटाला तेल लावून पाहिलं.
गळती?
मग वास घेतला. मोहरी, हिंग.
बहिणीसाठी नेत होते, मी म्हटलं, बिमलांचं लोणचं,
तीन बरण्या.
ते पहिल्यांदा हसले,
आणि हे कुठेच लिहिता येत नाही म्हणाले.
प्लास्टिकला निम्मा घसारा, पत्र्याला वयानुसार.
काचेला घसारा नसतो, बाई.
मला ते उगाच बरं वाटलं.
मागची काच फुटलेली होती
आणि तिची पूर्ण किंमत होती.

त्या मुलाचा एक मेसेज आला होता मध्ये.
सॉरी. आम्ही परत पोहोचलो.
खाली धबधब्याचा फोटो,
चुकून आला असावा.
मी नंबर ठेवलाय, दाव्यासाठी.

ढवळीच्या गॅरेजात बोस्त्यांव म्हणाला,
डावं दारही यातच करून टाकतो,
कोण बघतंय?
डाव्या दारावर हातभर ओरखडा आहे,
आमच्याच फाटकाच्या चिऱ्याने काढलेला.
त्या दिवशी शेजारच्या सीटवर
पहिल्यांदाच कोणी बसलेलं नव्हतं.
चिऱ्याची लाल भुकटी अजून आहे त्यात,
धुतली तरी.
तळावलीकरांनी लिहूनच ठेवलंय :
जुने नुकसान, प्रस्तुत दाव्याशी संबंध नाही.
बरोबर लिहिलंय.
तो राहू दे, मी बोस्त्यांवला म्हटलं.
त्यात समोरचं वाहन नव्हतं.

चौथी ओळ अजून रिकामी आहे.
गाडी मंगळवारी मिळेल म्हणतो.
तोवर बसने जाईन,
बाजारात बिमलं उरलीत का बघेन.