एक जून

खरी तारीख आईलाही सांगता यायची नाही.
त्या दिवशी दाभोळच्या धक्क्यावर सुरमई एवढी उतरली
की मीठ पुरलं नाही, इतकंच तिच्या ध्यानात.
शाळेत गुरुजींनी एक जून लिहिलं,
पासपोर्टनं तेच उचललं,
आणि काल मुहर्रकच्या बसस्टँडवर
काचेमागच्या पोरानं तेवढ्यावरून मला साठीची केलं.
कार्ड दिलं. फोटोत मी रागावल्यासारखी दिसते.
"खाला, आता तिकीट नाही."
"किती फेऱ्या?"
"पाय दुखेपर्यंत," म्हणाला, आणि पुढच्याला बोलावलं.

पेन्शन नाही. आमच्या कामाला ती नसतेच.
अठरा वर्षं मामा हेस्साची पाठ पुसली,
पोटावर जागा बदलत बदलत सुई टोचली,
डाव्या अंगाला लोड लावला, मग उजव्या.
रात्री तीनला ती नवऱ्याला हाक मारायची.
तो जाऊन चाळीस वर्षं झालेली;
त्याच्या वतीनं मीच ओ द्यायची,
जरा जाड आवाजात.

मुलाच्या मोठ्या गाडीत तिला उमासे यायचे,
बसमध्ये नाही.
म्हणून दर मंगळवारी सलमानियाच्या दवाखान्यात
आम्ही लाल बसनं.
कार्ड तिचं, मी तिची सोबतीण.
यंत्र एकदाच टिंग करायचं, दोघींत मिळून.

रमजानच्या तेराव्या दिवशी ती गेली.
मुलगा म्हणाला, व्हिसा डिसेंबरपर्यंत आहे,
खोलीही तोवर तुझीच.
भाऊ फोनवर म्हणतो, मेहरू, ये आता, काय ठेवलंय तिथं?
त्याला सांगितलं, कार्ड मिळालंय.
तो म्हणाला, कसलं?
मी म्हटलं, जाऊ दे, माडांना पाणी घाल.

आज टिंग झालं ते नुसतं माझं.
मागे वळून पाहिलं, व्हीलचेअर कुठं अडकली ते बघायला.
मग बसले. सवयीनं आतल्या बाजूला,
खिडकी रिकामी सोडून.
एक स्टॉप गेला, दुसरा गेला.
पुलावर पाणी दिसायला लागलं तेव्हा
सरकले खिडकीशी. काच तापलेली होती.
अठरा वर्षं हा पूल मी तिच्या कानामागून पाहिला,
मधे तिची ओढणी.
समुद्र मला वाटायचा त्याहून बराच रुंद निघाला.

ईसा टाऊनला एक बांगलादेशी पोरगा शेजारी बसला,
मांडीवर टोमॅटोची पिशवी.
ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला
आणि माझा हात आपोआप आडवा गेला
त्याच्या छातीवर, फळीसारखा.
पोरगा दचकला. मग हसला.
"माँ, मैं नहीं गिरता."
पुढच्या ब्रेकला मी हात मांडीखाली दाबून ठेवला.
त्याच्या पुढच्या ब्रेकला तो सुटलाच.
पोरगं काही बोललं नाही, टोमॅटो तेवढे सांभाळले,
आणि उतरताना एक माझ्या ओंजळीत ठेवला.

आलीला कुंभारांच्या दुकानापाशी उतरले.
काम काहीच नव्हतं तिथं.
टपरीवर करक चहा घेतला, साखर पूर्ण घातलेला,
घरात माझ्यासाठीही बिनसाखरेचाच व्हायचा.
टोमॅटो तसाच खाल्ला, बाकावर बसून,
रस कोपरापर्यंत आला.
एक म्हातारा मडकी उन्हात मांडत होता,
प्रत्येक मडकं थोडं फिरवून,
सगळ्या अंगांनी वाळावं म्हणून.
लोड बदलावा तसं.
त्याला काहीतरी सांगावंसं वाटलं, पण शब्द जुळेनात.

मग घड्याळ पाहिलं.
एक वाजून वीस.
सुईची वेळ कधीच उलटून गेलेली
आणि मला कळलंही नव्हतं.

पोटात धस्स झालं. झालं खरं.
आणि ते ओसरेपर्यंत
उलट्या दिशेची एक बस आली, दार उघडलं,
मी चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी.
ड्रायव्हर म्हणाला, "येताय?"
म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं.
पुढच्या बसनं येईन."