टिक्

मे महिन्यात फैजपुरात
माझ्याएवढं काम कुणाला नसतं.
बसस्टँडमागच्या टपरीपुढे रांगेनं उभे असतात
गावभराचे कूलर, पत्र्याचे, गंजके,
कुणाचा पंप बसलेला, कुणाचं पातं वाकलेलं.
सेहेचाळीस डिग्रीत मी सगळ्यांना गार करतो
आणि घरी जातो, तर घर भट्टी.
आमचा कूलर बंद असतो.
हेमांगला तो आवाज सोसत नाही.

सात वर्षांचा आहे.
वरण आता पातेल्यात शिजतं, कुकर माळ्यावर.
कॉलरची चिठ्ठी त्याला चावते,
मोज्याची शिवण चावते,
भरिताच्या घासात एकेक बी लागते त्याच्या जिभेला
आणि तो थुंकतो,
नेमका पाहुण्यांच्या पंगतीत.

वासुदेवभाऊ म्हणतात,
"एक दे ठिवून कानाखाले, सम्दं जाते."

दिली होती मी. एकदा.
कानबाईच्या रोटांना, दारात ढोल आला तेव्हा
तो पलंगाखाली शिरलेला,
मी पाय धरून बाहेर ओढलं.
ढोल थांबल्यावरही
त्यानं कानांवरचे हात काढले नाहीत.
मी बोलू लागलो की काढायचा नाही,
चार दिवस.

जळगावच्या मॅडम म्हणाल्या, अंगाला वजन द्या, बरं वाटेल.
पुष्पलतानं जुन्या लुगड्याची पिशवी शिवली,
तीन किलो दादर भरली.
ती मांडीवर घेऊन जेवतो.
तराजूचा काटा हलता हलता
मध्ये येऊन थांबावा, तसा थांबतो.
ज्वारीला किडे झाले की ती चाळते,
गच्चीवर ऊन देते, पुन्हा भरते.
तेवढा दिवस घरात सगळे जपून बोलतात.

परवा म्हणाला, बोंडेकाकूंचा कूलर रडतोय.
जाऊन खोलला. बुश घासलेला,
मला आणखी आठवडाभर कळलं नसतं.
काकू म्हणाल्या, देवाची देणगी आहे रे पोराला.
मी पाना पुसत राहिलो.
देणगी मिळालेलं माणूस
भिंतीवर डोकं आपटत नाही, काकू.

त्या रात्री आमचाच कूलर खोलला.
नवा बुश, पात्याचा तोल,
पायांखाली ट्रॅक्टरच्या ट्यूबचे तुकडे,
पंपाला स्पंज.
दुसऱ्या रात्री पुन्हा. पाचव्या रात्री पुन्हा.
चालू करण्याआधी सांगतो, "आता करतोय."
बटण त्याच्याच हातात देतो.

काल त्यानं दाबलं.
वारा आला, वाळ्याचा वास आला,
पुष्पलताच्या कपाळावरचे केस हलले.
तो उंबऱ्यात, पिशवी पोटाशी,
एका कानावर हात. एकाच.

मग म्हणाला,
"पप्पा, अजून टिक् आहे."

मी कान लावला पत्र्याला.
श्वास धरून ऐकलं.
टिक् नव्हती. मला तरी नव्हती.

बटण बंद केलं
आणि पेचकस घेतला.