मानस

माझा मानस साधा होता:
एक मानस बनवायची.
मराठीत तो मनात असतो,
चोडणात ती बांधावर असते,
लाकडी दारांची, शेवाळलेली.
भरतीला मिटते, ओहोटीला उघडते,
आणि तिच्यासाठी कुणी रात्री जागून
कोड लिहिल्याचं ऐकिवात नाही.

माझी चार वर्षांची आहे. ती गळते.

दिवसा मी वीजखात्यात बिलांच्या तक्रारी लिहून घेतो.
संध्याकाळच्या फेरीबोटीत, दोन स्कूटरींच्या मध्ये उभा राहून
वहीत पाणी काढतो. निळे चौकोन.
शेजारच्या चौकोनाकडून कुणाला किती ओल मिळावी
याचं गणित.
जेवल्यावर ते लॅपटॉपला समजावून सांगतो,
आणि पाणी खाजणात न शिरता,
कोरगुटाच्या एका रोपालाही न भिजवता,
सरळ आभाळात जातं.

आधी भरती मी खरी ठेवली होती.
सहा तास बारा मिनिटं.
दार लावायचं, थांबायचं.
वैजूताई म्हणाली, मी बाजारातून सुंगटं आणली,
सोलली, हुमण केलं,
तुझं पाणी अजून गुडघ्याएवढंच.
मग सहा मिनिटांची केली. तिला जांभई आली.
चाळीस सेकंदांची केली,
तेव्हा ती भरती उरली नाही,
संडासाची टाकी झाली.

एवढं मात्र चोख आहे: पहिला पडदा.
त्यावर नाव आहे, माड आहेत, एक बगळा आहे.
बगळा मान वळवतो.
त्या मानेवर मी एक अख्खा गणेशचतुर्थीचा आठवडा घालवला.
‘सुरू करा’ म्हटलं की पुढे काय, ते विचारू नका.

एकदा सगळं जमलं होतं.
पाणी आलं, दार मिटलं, पोयीत शेवटे उड्या मारू लागले.
मी खुर्चीतून उठलोसुद्धा.
आणि वीज गेली.
माझ्याच खात्यानं घालवली.
सकाळी तक्रारीच्या वहीत मी माझंच नाव लिहिलं
आणि खाली शेरा मारला: पाहणी करून कळवू.

जुझेचा धाकटा, ऍश्टन, नऊ वर्षांचा,
मे महिन्यात खेळायला बसला.
मानशीकडे त्यानं पाहिलंही नाही.
बांध पोखरणारी एक कुर्ली आहे माझ्या खेळात;
ती नेमकी कोपऱ्यात असताना दार आपटलं
तर ती गरगरत माडांवरून उडायची
आणि धप्पकन पोयीत पडायची.
‘आनीक एक फावट!’ तो ओरडायचा.
पाऊण तास. हसून हसून उचकी लागली त्याला.
मी मागे उभा, कागदावर लिहित होतो:
कुर्ली उडते. दुरुस्त करणे.

केली. एका उणे चिन्हाची चूक होती.
दुसऱ्या दिवशी ऍश्टननं पाच वेळा दार आपटलं.
कुर्ली जागच्या जागी, शहाण्यासारखी.
‘मोडली तुवें,’ म्हणाला, आणि क्रिकेटला गेला.

तेव्हापासून ते उणे मी परत घालून पाहतोय.
इथे, तिथे, तीन तीन ठिकाणी.
कुर्ली नाहीशी होते. कुर्लीच्या दोन होतात.
एकदा तर बगळाच मान मोडून पडला.
पण उडत नाही.
चुकून जमलेलं, ठरवून चुकवता येत नाही मला.

काल मध्यरात्री बांधावर गेलो.
कायतान जाळं लावून बसला होता,
यंदाच्या पावणीत मानस त्यानं घेतलीय.
बॅटरी माझ्या तोंडावर मारून म्हणाला,
‘तुजी मानस चलता मरे?’
‘गळते.’
‘चिखल घाल,’ तो म्हणाला, आणि बॅटरी विझवली.

चार वर्षं. चार वर्षांत मी पाण्याला वेग दिला, रंग दिला,
वाऱ्याला सोळा दिशा दिल्या,
चिखलाचं बटण सुचलं नव्हतं.

पहाटेपर्यंत बसून घातलं.
आता चिखल आभाळात जातो.