साठात एक

गोंदूरच्या धावपट्टीवरून सहा चाळीसला उठले.
मांडीवर नकाशा, त्यावर पेन्सिलची रेघ:
जळगाव, शून्य आठ सहा.
रेघ म्हणजे ट्रॅक, जायचंय ती वाट.
नाक जिकडे, ते हेडिंग.
दोन्ही एकच, असं धरून निघाले होते;
हवामानवाल्यानं वारा शांत सांगितला होता.

होकायंत्राखाली बोटभर कार्ड, कुणाच्या तरी किरट्या अक्षरात:
नव्वदला जायचं तर अठ्ठ्याऐंशी धर.
यंत्र आपणहून सांगतं, मी इथं एवढं चुकतं.
अण्णा आठवले,
अमळनेरच्या दाळमिलांचे तोलकाटे दुरुस्त करत हिंडणारे.
काटा चुकतो तर चुकू दे, म्हणायचे,
किती चुकतो ते लपवू नको.

व्हेरिएशनची मात्र इकडे कटकट नाही.
खानदेशात खरी उत्तर आणि सुईची उत्तर
जवळपास एकाच गल्लीत राहतात.

तेराव्या मिनिटाला पारोळा दिसायला हवं होतं
उजव्या पंखापलीकडे, पाच किलोमीटर लांब.
ते चाकांखाली निघालं.
किल्ल्याचा खंदक, बोरीचं कोरडं पात्र,
एका गच्चीवर पांढरं काही पसरलेलं,
बिबड्याच असणार, एप्रिल आहे.

नाक होतं तिथंच होतं.
मी नव्हते.
ह्याला ड्रिफ्ट म्हणतात.
ढकलणारा दिसत नाही, धक्का लागत नाही,
फक्त गाव भलत्या जागी येतं.

शेजारची सीट रिकामी. पट्टा नीट बांधून ठेवलेला.
परवापर्यंत तिथं तडवी सर असायचे,
खिडकीबाहेर बघत, मुद्दाम गप्प.
साठात एक हटलीस तर एक अंश, एवढंच त्यांचं पाठांतर.
छत्तीसात पाच, म्हणजे आठ.
उरलेल्या बावन्नात रेघेवर परतायचं, त्याचे सहा.
चौदा डावीकडे.
शून्य सात दोन.

नाक आता सातपुड्याकडे कललेलं.
वाट जळगावचीच.
बोरीकाठी कुणी मान वर करून
विचारलंही असेल, कथा चालनी वं माय?
नाकाकडं बघून ठरवू नका, बाबा.

पेन्सिल दातात होती, ती काढली.
लिहिलं: पारोळा, सहा त्रेपन्न, उजवीकडं पाच.
पुढं एरंडोल, सात वाजून एक.
अजून सात मिनिटं आहेत.