कोमट

धंतोलीतल्या दवाखान्याने दिलेल्या कागदावर
सहावी ओळ: अंघोळ कोमट पाण्याने करावी.
टबात बसू नये.
मानेवाड्यात टब कुणाकडे असतो, हे त्यांना कोण सांगणार.

आणि मे महिन्यात नागपुरात
कोमट अशी गोष्टच नसते.
गच्चीवरची काळी टाकी दिवसभर तापते,
सकाळी सातला नळ सोडला
तरी पहिल्या दोन मगांत चहा होईल.
म्हणून रात्री साडेदहाला बादली भरायची,
वर पितळी परात झाकायची,
आणि निवू द्यायची रात्रभर,
तापातल्या लेकराला थोपटत बसावं तशी.
नको. ही उपमा नको.

वजन उचलू नये, आठवी ओळ.
लोकेश बादली उचलतो
आणि न्हाणीघरात इतकी अलगद ठेवतो
की पाण्याला पत्ता लागत नाही.
मला हसू येतं, मग हसायची भीती वाटते.
शिंकायची. खोकायची.
आत जणू पोस्टाचं तिकीट चिकटवलंय
आणि डिंक अजून ओला आहे.

बर्डीवरून आणलेलं लाल स्टूल.
बिनवासाचा साबण.
डाव्या कुल्ल्यावर सोमवारची सुई, उजव्यावर मंगळवारची,
तेलातलं औषध, गाठी सुपारीएवढ्या.
हात फिरताना तिथे थबकतो,
कुणी निजलेलं असावं अशा दारापाशी थबकतो तसा.
पट्टीचा काळा डिंक खोबरेलाने निघेल,
पण खोबरेल चालतं का, हे कागदावर नाही.
धारगावे सिस्टरला फोन केला.
अहो ताई, लावा ना. केसही धुवा.
केसांचा त्याच्याशी काय संबंध?
खरंच, काय संबंध.
तरी पाच दिवस मी केस धुतले नाहीत.

सासूबाई दाराबाहेर पाट टाकून तांदूळ निवडतात.
कडी नको लावू वो. मी काही पाहून नाही राहिली.
मग आतून मगाचा आवाज,
बाहेरून सुपाचा.
एक दिवस सूप थांबलं.
लोकेशच्या आधी माही एक गेली होती,
पाचव्या महिन्यात.
विहिरीचं पानी शेंदत होती मी.
तवा कोनं कागद नाही देल्ला.
माझा मग तसाच हवेत.
पाणी कोपरावरून गळत राहिलं.
सूप पुन्हा वाजायला लागलं, तेव्हा मी तो खांद्यावर ओतला.

चौदाव्या दिवशी रक्त दिलं.
संध्याकाळी मोबाइलवर आकडा आला,
इतका लहान
की वाटलं पान पूर्ण उघडलं नाही.
डॉक्टर म्हणाल्या, औषधं बंद करा.
आता काही पथ्य नाही,
कशाही राहा.

कशाही.
मी सरळ नळाखाली बसले, भर संध्याकाळी,
टाकीतलं उकळतं पाणी डोक्यावर, पाठीवर,
कातडी लाल होईस्तोवर.
रडले का, ते पाण्यात कळलं नाही.
बाहेर सूप नव्हतं,
पण पाट सरकल्याचा आवाज आला.

साडेदहाला लोकेश उठला.
म्हटलं, राहू दे.
बादली मीच भरली, मीच उचलली,
काठोकाठ, मुद्दाम.
कडी बोटांत रुतली. बरं वाटलं.
थोडं पाणी पॅसेजभर सांडलं.
त्या सुपारीएवढ्या गाठी अजून आठवडाभर राहतील,
त्यांना कुणी काही कळवलेलं नाही.
त्यांना कोमटच बरं पडेल.

परात झाकत होते,
तेव्हा अंधारातून सासूबाईंचा आवाज आला,
उद्या डोक्यावरून घेशीन का?
शिकेकाई भिजू घालू?

घाला, म्हटलं.