डावा इंडिकेटर

गाडी पिवळी आहे, एवढाच माझा गुन्हा.
दोन सीटची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी,
बेळगावच्या एका डॉक्टरनं कंटाळून विकलेली.
सोलापुरातला एकेक स्पीडब्रेकर तिला नावानिशी ओळखतो.
मी तिरकी घालतो, एकेक चाक,
म्हातारी माणसं जिना उतरतात तशी.

पण सात रस्त्याच्या सिग्नलला
शेजारी येऊन उभं राहतंच कुणीतरी.
काचांना काळी फिल्म,
नंबर असा वळवलेला की वाचावं ‘दादा’.
ॲक्सिलरेटर दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा,
रेड्यानं फुरफुरावं तसं.
“दम हाय का बे गाडीत? का नुसतं दाखवायला?
चल की आसरा चौकापर्यंत!”

एकदा गेलो होतो. खोटं कशाला बोलू.
होटगी रोडला, रात्री साडेअकराला,
एका पांढऱ्या गाडीच्या नादानं.
जिंकलोही.
जिंकल्यावर समोर उसाची ट्रॉली,
मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही,
नुसती उसाची टोकं, माझ्या काचेपासून हातभर.
घरी आलो, पानावर बसलो,
भाताला हात लावला नाही.

तेव्हापासून रीत ठरली.
नजर द्यायची नाही.
हिरवा लागला की आधी त्याला जाऊ द्यायचं.
मागे चिकटलाच तर डावा इंडिकेटर,
काहीतरी घ्यायचंय असं दाखवायचं,
आणि शेंगा चटणीच्या दुकानापुढं उभं राहायचं.
दुकानदार आता विचारत नाही, मोजूनच ठेवतो.
घरात चटणीची अकरा पाकिटं आहेत.

परवा शेजारच्या सीटवर नायना होते, माझे वडील.
बेचाळीस वर्षं जॉबर. कान मागांनी खाल्ले.
अक्कलकोट रोडला एक पोरगं डावीकडून घुसलं,
बरोबरीला आलं, काच खाली,
तोंड चाललेलं, हॉर्न थांबेना.
नायनांनी त्याच्याकडं नीट पाहिलं.
त्यांना वाटलं, ओळख देतोय.
“मेरगूंचा धाकटा काय रे हा?” मला विचारलं,
आणि उत्तराची वाट न बघता हात जोडले.

पोराचा चेहरा मी पाहिला.
तोंडात आलेली शिवी कुठं ठेवावी, त्याला कळेना.
त्यानं हात उचलला, अर्धवट,
नमस्काराएवढा नाही,
पण तो हात हॉर्नवर परत गेला नाही.
कुंभारीच्या अलीकडं तो कधी मागं पडला
ते आरशात दिसलं नाही.

“धोटा बघ,” नायना म्हणाले, नेहमीचंच,
बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात.
“मिनिटाला दीडशे खेपा. दिवसभर पळतोय.
संध्याकाळी जिथल्या तिथं.”
मी म्हणालो, पण कापड होतं ना.
त्यांना ऐकू गेलं नाही.

पुढं रस्ता मोकळा.
दूरवर डांबर उन्हात पाण्यासारखं हलत होतं.
नायनांनी चपला काढल्या,
तळपाय खाली टेकवले,
आणि डॅशबोर्डवर तळहात ठेवला,
पूर्वी मागाच्या लोखंडावर ठेवायचे तसा.
डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली.

“जरा पळव.”

पळवली. काटा कुठं गेला ते सांगणार नाही.
बाभळी एकमेकींत मिसळल्या,
आणि ते हसले, दातांची कवळी न लावलेलं,
लहानपणी मी कधी न पाहिलेलं हसू.

“बस,” म्हणाले. “पुढचं डावं चाक. बेअरिंग वाजतंय.”

मी कान दिला. मला काहीच ऐकू येईना.
डावा इंडिकेटर लावला.
मागे कुणीच नव्हतं.