फेब्रुवारीतलं घर

पहिल्या भेटीत काइसू हुत्तुनेनने
जमिनीकडे पाहिलंच नाही.
आउनेला उभ्याने बटाटे सोलायला लावले
आणि टेप काढून तिच्या कोपराची उंची घेतली.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
ही बाई आधी पाय मोजत होती.

माझा मेहुणा तौनो हसला:
कागदावरच्या रेघांचे एवढे पैसे?
तेवढ्यात जुनी होडी आली असती, इंजिनासकट.
मी गप्प. मलाही तसंच वाटत होतं.
एकतीस वर्षं कारखान्यात कागद केला मी,
त्यावर पुढे कोण काय काढतं
ते कधी पाहिलं नव्हतं.

मला तळघर हवं होतं.
जाळी, स्की, बापाची हत्यारं ठेवायला.
काइसूने जमिनीत लोखंडी कांब ठोकली.
हातभर गेली, आणि टण्ण.
चार पावलं सरकून पुन्हा. टण्ण.
"ग्रॅनाइट," ती म्हणाली.
"याच्याशी वाद घालायचा तर सुरुंग लागेल,
आणि सुरुंगाचं बिल वेगळं."
खोडरबराचा चुरा फुंकला तिने,
माझं तळघर टेबलाखाली पडलं.

आधी सॉना बांधला. इथे तसंच करतात.
त्याच्या कपडे बदलायच्या खोलीत दोन खाटा,
त्या हिवाळ्यात तेवढाच संसार.

फेब्रुवारीत ती आली
तीस काठ्या आणि लाल रिबिनीचं रीळ घेऊन.
गुडघाभर बर्फात संध्याकाळपर्यंत घर उभं केलं:
भिंती कमरेएवढ्या, लाल, वाऱ्यात फडफडणाऱ्या.
"आठवडाभर राहा यात," म्हणाली
आणि गाडी वळवून गेली.

रिबिनीत कोणी राहतं का?
आम्ही राहिलो. उणे बावीसमध्ये.
आउने स्वयंपाकघरात थर्मास घेऊन उभी राहायची,
नसलेल्या खिडकीतून गोठलेल्या तळ्याकडे बघत.
मी आत शिरताना बूट झटकायचो,
बर्फातून बर्फात.

आठवड्याने काइसू आली. बोलली नाही,
पावलं वाचत फिरली.
"इथे तुम्ही भिंतीतून जाता. रोज. दोघंही."
पलंगाकडून सॉनाकडे
रिबिनीखालून वाकून गेलेली वाट.
तिथे तिने दार काढलं.

मग चौथ्या खोलीपाशी थांबली.
कागदावर लिहिलेलं: पाहुणे.
आत बर्फ कोरा,
फक्त सशाचे ठसे, कोपऱ्यातून कोपऱ्यात.
"ही काढली तर अकरा हजार युरो वाचतील.
सशाला विचारून बघा."
तौनोने मान डोलावली.
हो म्हणायला मी तोंड उघडलंच होतं.

आउने आत गेली.
रिबीन ओलांडून नाही, दारातून, रीतसर.
पलंग येईल त्याभोवती फिरली,
टेबल येईल तिथे वळली,
खिडकीपाशी टाचा रोवून उभी राहिली.
बर्फ करकरत होता.
आम्ही तिघं बाहेर, तोंडातून वाफ सोडत.
बाहेर येऊन म्हणाली,
"आता आहेत पावलं."

काइसूने पेन्सिल कानामागे खोचली.
व्हरांडा गेला, तांब्याच्या छपराचा पत्रा झाला,
अकरा हजारांचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

नंतर त्या दोघी गाडीत बसल्या होत्या, बराच वेळ.
काचा धुकटलेल्या.
काय बोलल्या, मी विचारलं नाही.
मुलाचं नाव आमच्यात
सात वर्षं निघालं नव्हतं.

आता घर आहे.
उत्तरेच्या कोपऱ्यात छत गळतं;
काइसू म्हणते सुताराची चूक, सुतार म्हणतो काइसूची.
चौथ्या खोलीत मी कधीतरी
हीटर चालतोय का बघायला जातो.
अंधारात हात उजवीकडे चाचपडतो,
सगळ्या घरात बटण तिकडेच.
इथे नाही.
इथे ते डावीकडे आहे,
डावखुऱ्या माणसाच्या हाताला
न शोधता लागेल, असं.

मी हे काइसूला सांगितलं नव्हतं.